राउटरला हार्ड डिस्क लावताय? आधी फाइल सिस्टिम ठरवा

चिपळूणला आईबाबांच्या घरी राउटरच्या मागचा यूएसबी पोर्ट रिकामा होता आणि माझ्याकडे १ टीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क पडून होती. बहिणीच्या लग्नाचं शूटिंग, आजीच्या आवाजातल्या ओव्या, पंधरा वर्षांचे फोटो सगळं तिच्यात टाकायचं आणि डिस्क राउटरला लावून द्यायची, म्हणजे टीव्हीवर, बाबांच्या लॅपटॉपवर, आईच्या मोबाइलवर कुठूनही बघता येईल, एवढाच साधा विचार होता. डिस्क लावली, राउटरने ओळखली, मला वाटलं झालं काम. आणि मग पुढच्या आठ-नऊ महिन्यांत त्या डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची आणि शोधायची पद्धत, मी तीनदा बदलली.

आधी ती फॅट३२ होती, तर लग्नाची ७ जीबीची फाइल त्यात जाईचना. मग एक्सफॅट केली, तर जुलैत एका रात्री कॉपी चालू असताना लाईट गेली आणि सकाळी बघतो तर ओव्यांचं अख्खं फोल्डर रिकामं. दुसरी कॉपी पुण्याला माझ्याकडे होती म्हणून त्या वाचल्या, नाहीतर आजीचा आवाज कायमचा गेला असता. मग एनटीएफएस केली तर स्पीड एकदम पडला, आणि एकदा डिस्क लॅपटॉपला लावून परत आणली तर राउटर तिच्यावर काही लिहायलाच तयार होईना. शेवटी ईएक्सटी४ केली, त्याला आता दोन पावसाळे झाले, लाईट तर कितीतरी वेळा गेली, पण डिस्कने त्रास दिलेला नाही.

हे सगळं तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय. मी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकता येणारं, लिनक्सवर चालणारं फुकट फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) वापरतो, त्यामुळे सेटिंगच्या पायऱ्या त्याच्या आहेत, पण फाइल सिस्टिम निवडायचा भाग कंपनीच्या फर्मवेअरवाल्या राउटरलाही तसाच लागू पडतो.

काय काय लागेल

- यूएसबी पोर्ट असलेला राउटर, आणि त्याच्या लॉगिनचा पासवर्ड
- हार्ड डिस्क, एसएसडी किंवा पेनड्राइव्ह
- एक लॅपटॉप, आणि एका जुन्या पेनड्राइव्हवर उबंटूसारखं लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं (फॉरमॅट आणि दुरुस्ती दोन्हीला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही)
- ड्राइव्हमध्ये आत्ता जे आहे ते सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवायला जागा. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, हे माहीत असूनही घाईत चुकीची डिस्क निवडली जाते
- राउटरसाठी छोटा यूपीएस, जमलं तर. आपल्याकडच्या लाईटचा भरवसा बघता मी तरी तो यादीत धरतो

१. ड्राइव्ह राउटरवरून कधी निघणार आहे का, हे आधी ठरवा

बाकी सगळं या एका प्रश्नावर आहे. ड्राइव्ह कायम राउटरलाच राहणार असेल तर फक्त राउटरला काय आवडतं ते बघायचं. ती मधूनमधून काढून विंडोज लॅपटॉपला, मॅकला किंवा थेट टीव्हीला लावणार असाल तर त्या सगळ्यांना वाचता येईल अशी फाइल सिस्टिम लागते, आणि तिथे मग काहीतरी सोडावं लागतं.

इथे जवळपास प्रत्येक नवीन माणसाचा एक गैरसमज असतो, माझाही होता. "घरात सगळे विंडोज लॅपटॉप आहेत, मग ड्राइव्ह विंडोजच्याच फॉरमॅटमध्ये पाहिजे ना?" तर नाही. तुम्ही वायफायवरून ड्राइव्ह उघडता तेव्हा लॅपटॉप ड्राइव्हशी बोलतच नाही, तो राउटरशी बोलतो. ड्राइव्ह वाचणारा राउटर, आणि तो आतली फाइल सांबा नावाच्या प्रोग्रामकडून नेटवर्कवर पाठवतो. म्हणजे ड्राइव्ह ईएक्सटी४ असला तरी बाबांच्या विंडोजवर तो एका साध्या नेटवर्क फोल्डरसारखाच दिसतो, फाइल उघडते, कॉपी होते, डिलीट होते, काहीही फरक कळत नाही. फरक पडतो तो फक्त ड्राइव्ह हातात घेऊन थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावला तर.

मी स्वतः एनटीएफएसच्या मागे दोन महिने घालवले ते निव्वळ या गैरसमजापायी.

२. तुमच्या राउटरला काय काय वाचता येतं ते बघा

कंपनीचंच फर्मवेअर असेल तर मॉडेलच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर यूएसबीच्या रकान्यात कुठल्या फाइल सिस्टिम चालतात ते लिहिलेलं असतं. बऱ्याच राउटरवर फॅट३२ आणि एनटीएफएस चालतात, नव्यांवर एक्सफॅटही. ईएक्सटी४ सगळीकडे मिळत नाही, पण असूसच्या राउटरवर चालतं. यादीत जे नाही ते चालणार नाही असंच धरून चाला, "लावून बघू, चालेल कदाचित" यात वेळ जातो आणि कधीकधी डेटाही.

ओपनडब्ल्यूआरटी असेल तर जवळपास काहीही चालवता येतं, फक्त त्या त्या फाइल सिस्टिमचं पॅकेज आपण टाकावं लागतं. तिथे दोन आकडे बघून घ्या. एक म्हणजे राउटरची आतली फ्लॅश मेमरी, ८ एमबीवाल्यांत हे सगळं बसवणं अवघड जातं, १६ एमबी किंवा जास्त असेल तर सांबापुरतं बघून टाकावं लागतं पण जमतं. दुसरा म्हणजे रॅम. ६४ एमबी रॅमच्या राउटरला मोठी डिस्क लावली की रोजचं वाचन-लेखन होतं, पण डिस्क बिघडली आणि तपासणी चालवायची वेळ आली की तपासणीच्या प्रोग्रामला मेमरी पुरत नाही आणि तो मधेच मरतो. अशा वेळी डिस्क काढून लॅपटॉपवर लाइव्ह लिनक्समध्ये तपासायची.

३. पर्याय नीट समजून घ्या

फॅट३२. सगळ्यात जुनी आणि सगळीकडे चालणारी. टीव्ही, गाडीतला म्युझिक सिस्टिम, कुठलाही राउटर. पण एक फाइल ४ जीबीच्या आत लागते (नेमकं सांगायचं तर ४ जीबीला एक बाइट कमी), म्हणजे लग्नाचे व्हिडिओ, मोठे बॅकअप सगळे अडकतात. कॉपी करायला गेलं की एरर येतो आणि विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे, तेव्हा ड्राइव्हमध्ये ५०० जीबी मोकळी असते आणि माणूस गोंधळतो. शिवाय यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे काय ते पुढे सांगतो, कारण आपल्याकडे तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. फक्त गाण्यांचा १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा असेल तर फॅट३२ ठेवा, त्याहून जास्त कशाला नको.

एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली, ४ जीबीची अडचण काढून टाकलेली. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वाचता-लिहिता येते. लिनक्सवर बरीच वर्षं पेटंटमुळे हिचं घोंगडं भिजत होतं, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्पेसिफिकेशन खुलं केलं आणि २०२० मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला, त्यामुळे आताच्या ओपनडब्ल्यूआरटीवर ती व्यवस्थित आणि हलकी चालते. ड्राइव्ह सतत इकडून तिकडे नेणाऱ्यांसाठी ही ठीक आहे. पण जर्नल इथेही नाही, आणि फाइल कुठे आहे याचा नकाशाही साधारण एकच ठेवलेला असतो. लिहिता लिहिता लाईट गेली की काय होतं ते मी पाहिलंय. एकच कॉपी असलेला डेटा एक्सफॅटवर ठेवून राउटरला चोवीस तास लावू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

एनटीएफएस. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेली, विंडोजची स्वतःची. जर्नल आहे, मोठ्या फाइल चालतात. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये बऱ्याचदा विकत घेतलेला वेगवान एनटीएफएस ड्रायव्हर असतो, त्यामुळे तिथे ती छान चालते, आणि तुमच्या राउटरच्या यादीत ईएक्सटी४ नसेल तर मी हीच घ्या म्हणेन.

ओपनडब्ल्यूआरटीवर मात्र दोन ड्रायव्हर मिळतात आणि नवीन माणूस जुना टाकून बसतो. जुना एनटीएफएस-३जी हा कर्नलच्या बाहेर चालतो, प्रत्येक वाचन-लेखन एका वेगळ्या प्रोग्राममधून फिरून जातं, आणि राउटरचा बारका प्रोसेसर तिथेच दमतो. माझ्याकडे सेकंदाला ६-७ एमबी मिळत होते, त्याच डिस्कवर ईएक्सटी४ केल्यावर १८ ते २०. नवा एनटीएफएस३ हा पॅरागॉन कंपनीने लिहिलेला ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये आला आणि तो कर्नलच्या आतच चालतो, त्यामुळे एनटीएफएस ठेवायचीच असेल तर हा घ्या.

आणि एनटीएफएसचा सापळा म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तुम्ही डिस्क सेफली रिमूव्ह न करता उपटली की तिच्यावर "काम अर्धवट राहिलंय" अशी खूण राहते. राउटर ती खूण बघतो आणि डिस्क एकतर फक्त वाचायला उघडतो किंवा उघडतच नाही. मी तासभर राउटरची सेटिंग खोदत बसलो होतो, आणि इलाज होता डिस्क परत विंडोजला लावून चेकडिस्क चालवायचा आणि नीट इजेक्ट करायचा.

ईएक्सटी४. लिनक्सची रोजच्या वापरातली फाइल सिस्टिम, २००८ पासून स्थिर म्हणून कर्नलमध्ये आहे. राउटर आतून लिनक्सच आहे, त्यामुळे ही त्याच्या घरचीच. वेग चांगला, मेमरी कमी लागते, दुरुस्तीची साधनं पक्की, आणि जर्नल आहे.

आता जर्नल. आपण दुकानात खतावणीत नोंद करण्याआधी कच्च्या वहीत लिहून ठेवतो ना तसंच. फाइल सिस्टिम कुठलाही बदल करण्याआधी "मी हे हे करणार आहे" असं एका राखीव जागेत लिहिते आणि मग प्रत्यक्ष बदल करते. मधेच लाईट गेली तर परत चालू झाल्यावर ती कच्ची वही वाचते, अर्धवट राहिलेलं पूर्ण करते किंवा सोडून देते, आणि फोल्डरांची रचना शाबूत राहते. कच्ची वही नसेल तर निम्मा बदल झालेला, निम्मा नाही, आणि कुठली फाइल कुठे याचा हिशोब चुकलेला. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ज्या क्षणी लाईट गेली त्या क्षणी जी फाइल कॉपी होत होती ती अर्धवटच राहणार, जर्नल तिला वाचवत नाही. आधीपासून ठेवलेली फोल्डरं ते वाचवतं, आणि आपल्याला तेच पाहिजे असतं.

तोटा एवढाच की विंडोज आणि मॅक ही थेट वाचत नाहीत. ज्यांना राउटरवर जास्तीचे प्रोग्राम बसवायचेत, एक्सट्रूट म्हणजे राउटरची जागा ड्राइव्हवर वाढवायची आहे, त्यांना तर फॅट, एक्सफॅट चालणारच नाहीत, कारण त्यांत लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) नसतात.

एफटूएफएस. सॅमसंगने फ्लॅशसाठी बनवलेली, २०१३ पासून कर्नलमध्ये. पेनड्राइव्हवर किंवा एसडी कार्डवर एक्सट्रूट करायचं असेल तर चांगली. आत चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर हिचा उपयोग नाही. आणि ड्राइव्ह बिघडला तर मदत शोधायला ईएक्सटी४ इतकी माणसं मिळत नाहीत.

बीटीआरएफएस, एक्सएफएस आहेत, चांगल्या आहेत, पण रॅम जास्त मागतात. घरच्या राउटरवर नको.

तर माझा निवाडा असा. ड्राइव्ह कायम राउटरला, राउटरला ईएक्सटी४ चालतं: ईएक्सटी४. चालत नाही: एनटीएफएस. ड्राइव्ह फिरता आहे आणि घरात मॅक आहे: एक्सफॅट, पण दुसरी कॉपी घरात पाहिजेच. ड्राइव्ह फिरता आहे आणि सगळे विंडोजवाले आहेत: एनटीएफएस, नव्या ड्रायव्हरवर.

४. फॉरमॅटच्या आधी ड्राइव्ह खरा आहे का बघा

ऑनलाइन फार स्वस्तात १ टीबी, २ टीबीचे पेनड्राइव्ह दिसतात. त्यातले कित्येक आतून ३२ किंवा ६४ जीबीचे असतात आणि २ टीबी आहे असं खोटं सांगतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं लिहिलेलं नुसतं हरवतं, आणि आपण दोष देतो फाइल सिस्टिमला. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ नावाचं फुकट साधन आहे, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. रात्रभर चालू ठेवा.

दुसरं म्हणजे वीज. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. पोर्टेबल हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढू शकते. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल, ती दिसून परत गायब होत असेल तर कुठलीही फाइल सिस्टिम टाकून उपयोग नाही, स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावा.

५. फॉरमॅट करा, आणि कुठे करताय ते बघून करा

एनटीएफएस, एक्सफॅट विंडोजवरच करा. फॅट३२ साठी विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर पर्याय दाखवत नाही, तिथे रूफस वापरा.

ईएक्सटी४ साठी लॅपटॉप लाइव्ह उबंटूवर चालू करा, डिस्क्स नावाचं ॲप उघडा, डावीकडे ड्राइव्ह निवडा, त्याची साइज वाचा, परत वाचा, आणि मग फॉरमॅट पार्टिशन. लेबल इंग्रजीत आणि छोटं द्या. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) जीपीटी प्रकारचं लागतं, जुन्या एमबीआर प्रकारात त्याच्या पुढची जागा दिसत नाही.

इथे एक सापळा आहे जो सहसा कुणी सांगत नाही. नव्या लिनक्समधली फॉरमॅटची साधनं ईएक्सटी४ मध्ये नवनवीन सुविधा आपोआप चालू करतात. मेटाडेटा चेकसम २०१६ पासून, आणि २०२३ च्या १.४७ आवृत्तीपासून आणखी दोन. बऱ्याच जुन्या राउटरमध्ये कर्नल असतो २.६ चा, त्याला या सुविधा माहीतच नाहीत, मग तो डिस्क फक्त वाचायला उघडतो किंवा उघडतच नाही. माणसाला वाटतं पोर्ट गेला. अशा राउटरसाठी शक्यतो राउटरवरूनच फॉरमॅट करा, म्हणजे त्याला जेवढं कळतं तेवढंच चालू होईल. ताज्या ओपनडब्ल्यूआरटीला हा प्रश्न येत नाही.

आणि ईएक्सटी४ डीफॉल्टने ५ टक्के जागा रूटसाठी (लिनक्सचा मुख्य यूजर) राखून ठेवते, १ टीबीवर ती जवळपास ५० जीबी होते. नुसत्या डेटाच्या डिस्कला याची गरज नसते, ट्यून२एफएस कमांडने राखीव टक्केवारी शून्य करता येते, आतला डेटा न पुसता.

६. ओपनडब्ल्यूआरटीवर पॅकेज टाका आणि माउंट करा

ब्राउझरमध्ये लुसी (ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं पान) उघडा, सिस्टिम मेनूत सॉफ्टवेअर, आधी याद्या अपडेट करा. मग हे टाका (सर्चमध्ये इंग्रजी स्पेलिंग लागेल):

- ब्लॉक-माउंट
- केमॉड-यूएसबी-स्टोरेज
- केमॉड-एफएस-ईएक्सटी४, किंवा एनटीएफएस असेल तर केमॉड-एफएस-एनटीएफएस३, एक्सफॅट असेल तर केमॉड-एफएस-एक्सफॅट
- ई२एफएसप्रॉग्स, ईएक्सटी४ च्या तपासणी-दुरुस्तीसाठी

२४.१० आवृत्तीपर्यंत पॅकेज मॅनेजर ओपीकेजी आहे, त्याच्या पुढे एपीके आला, त्यामुळे कमांड लाइनवरून करणाऱ्यांनी जुन्या लेखांतल्या कमांड डोळे झाकून टाकू नका. लुसीतून केलं तर फरक कळत नाही.

राउटर एकदा रीस्टार्ट करा. आता सिस्टिम मेनूत माउंट पॉइंट्स दिसेल (माउंट करणं म्हणजे ड्राइव्ह राउटरमधल्या एका फोल्डरला जोडणं). तिथे जनरेट कॉन्फिग दाबलं की ड्राइव्ह यादीत येतो, त्याला एनेबल करा, एडिटमध्ये जाऊन जागा द्या, उदाहरणार्थ एमएनटीच्या आत घर नावाचं फोल्डर, इंग्रजी अक्षरांत. ओळख यूयूआयडीने, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने ठेवा, एसडीए१ अशा नावाने नको, कारण उद्या दुसरा पेनड्राइव्ह लावला की ही नावं अदलाबदल होतात. माउंटच्या आधी फाइल सिस्टिम तपासायचा पर्याय आहे तो पण चालू करा. सेव्ह अँड अप्लाय.

सावध राहा: ड्राइव्ह कुठल्याही कारणाने माउंट झाला नसेल तर ते फोल्डर तरीही असतंच, आणि तुम्ही त्यात काही टाकलं तर ते राउटरच्या आतल्या इवल्याशा फ्लॅशमध्ये जातं. ती भरली की राउटर सेटिंगही सेव्ह करत नाही. म्हणून कॉपी सुरू करायच्या आधी माउंट पॉइंट्सच्या पानावर मोकळी जागा खरंच ड्राइव्हएवढी दिसतेय ना ते बघायची सवय लावा.

७. मराठी नावाची एक फाइल टाकून बघा

हे इंग्रजीतल्या लेखांत सापडत नाही म्हणून वेगळं लिहितो. आमच्या फोल्डरांची नावं "लक्ष्मीपूजन", "आजीच्या ओव्या" अशी मराठीत आहेत. फॅट३२ चा ड्राइव्ह लावला तेव्हा सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. मला वाटलं फाइली खराब झाल्या. फाइली ठीक होत्या, राउटरला देवनागरी नावं कशी वाचायची ते माहीत नव्हतं. केमॉड-एनएलएस-यूटीएफ८ हे पॅकेज टाका आणि माउंटच्या ऑप्शनमध्ये यूटीएफ८ लिहा, नावं परत येतात. प्रश्नचिन्हं दिसत असताना फाइलींची नावं बदलायला किंवा कॉपी करायला जाऊ नका, खरा घोळ तिथे होतो.

ईएक्सटी४ ला हा त्रास नाही, तिला जी नावं दिली ती तशीच ठेवते. पण तिची मर्यादा वेगळी आहे, एका नावाला २५५ बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. "लक्ष्मीपूजन" हे दिसायला पाच अक्षरी नाव अकरा चिन्हं म्हणजे ३३ बाइट घेतं. हिशोब केला तर मराठी नावाला ८५ चिन्हं मिळतात. एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये ती मर्यादा २५५ चिन्हांची असते. त्यामुळे तिकडून ईएक्सटी४ वर आणताना लांबलचक मराठी नावाच्या फाइली (यूट्यूबवरून उतरवलेली कीर्तनं वगैरे) कॉपी होत नाहीत, नाव लहान करून परत टाकावं लागतं.

८. घरात शेअर करा

नेटवर्कवर शेअर करायच्या प्रोग्रामांत केएसएमबीडी हलका आहे आणि कमी रॅमला बरा, सांबा४ जड पण जास्त सोयी. कुठलाही एक घ्या, त्याचं लुसीचं पॅकेजही टाका, शेअरमध्ये ड्राइव्हचा माउंट पॉइंट द्या.

ईएक्सटी४ वाल्यांना इथे हमखास एक अडचण येते. शेअर दिसतो, फाइली उघडतात, पण नवीन काही टाकता येत नाही. कारण ताज्या फॉरमॅट केलेल्या ईएक्सटी४ चा मालक रूट असतो. ड्राइव्हवर एक फोल्डर करा, त्याला सगळ्यांना लिहायची परवानगी द्या (सीएचमॉड ७७७) आणि ते फोल्डर शेअर करा. घरातल्या सगळ्यांनी बघायचंच असेल तर हे पुरतं. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड देत असाल तर मात्र शेअरला वेगळा यूजर आणि पासवर्ड लावा.

कंपनीच्या जुन्या फर्मवेअरवर शेअर विंडोज १० किंवा ११ वरून उघडतच नसेल तर तो दोष फाइल सिस्टिमचा नसतो. ते राउटर एसएमबी१ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) बोलतात आणि विंडोजने २०१७ पासून ते डीफॉल्टने देणं बंद केलं. विंडोजमध्ये एसएमबी१ परत चालू करता येतं पण करू नका, सुरक्षेच्या दृष्टीने ते फार जुनं झालंय, राउटरचं फर्मवेअर अपडेट करता येतं का ते बघा.

ड्राइव्ह लावल्यापासून २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मंदावलं असं वाटलं तर ते खरं असू शकतं. यूएसबी ३ च्या केबलमधून त्याच पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट गळतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर लिहिलंय. चांगली केबल लावा, डिस्क अँटेनापासून लांब ठेवा.

९. लाईट जाण्याची तयारी

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते ती बरेचदा दोन-चार मिनिटांसाठी, जाते येते जाते येते. डिस्कला हे सगळ्यात वाईट. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो हे छोटे झटके खाऊन टाकतो. घेताना तुमच्या राउटरच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा, आणि डिस्क पण त्यातूनच वीज घेणार आहे हे धरून थोडा मोठा घ्या. लाईट दोन तास गेली तर यूपीएस संपणारच, पण तोवर कॉपी थांबवून ड्राइव्ह अनमाउंट करता येतो.

ड्राइव्ह काढायचा असेल तेव्हा माउंट पॉइंट्सच्या पानावर अनमाउंट दाबा, डिस्कचा दिवा शांत होऊ द्या आणि मग काढा. आईला हे फोनवर समजावणं अवघड गेलं, म्हणून मी डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय: "काढायची असेल तर आधी मला फोन कर."

दोन-तीन महिन्यांतून एकदा डिस्क लॅपटॉपला लावून लाइव्ह लिनक्समध्ये तपासून घ्या. आणि आजीच्या ओव्यांसारखं जे परत कधीच मिळणार नाही त्याची एक कॉपी वेगळ्या घरात ठेवा. जर्नल असो, यूपीएस असो, डिस्क स्वतःच मेली तर दोन्ही कामाचे नाहीत.

१०. आधीच भरलेल्या डिस्कचं काय

एनटीएफएस किंवा एक्सफॅटवरून ईएक्सटी४ वर आतला डेटा ठेवून बदलता येत नाही. सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी, फॉरमॅट, परत कॉपी, दुसरा मार्ग नाही. ८०० जीबी वायफायवरून परत टाकायला जाऊ नका, दिवस जातील. दोन्ही डिस्क लाइव्ह लिनक्सच्या लॅपटॉपला लावा आणि तिथेच कॉपी करा, मग राउटरला लावा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळवा, आणि आठ-दहा मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा, नुसते उघडले की चालले असं समजू नका. डिस्क राउटरवर महिनाभर नीट चालली, मधे एक-दोनदा लाईट जाऊन आली, की मगच जुनी कॉपी पुसा.